भट्टीवरचे हात

मोटार वस्तीच्या फाटकाशी थांबली तेव्हा चिमटी धुणं वाळत घालत होती. मोटारीची काच चार बोटं खाली आली आणि आतून मुकादमाने हाक मारली, "अगं ए, कोणी जबाबदार माणूस आहे का इथं?"

"आहेत की. सगळेच आहेत," चिमटी म्हणाली. "आम्ही कुठं जाणार?"

मागच्या सीटवर मिरचीचा मालक बसला होता, नाकाला रुमाल लावून. वस्तीत मोटार यायची ती वर्षातून दोनदा, जुने कपडे आणि धान्य द्यायला. तीही फाटकाबाहेरच थांबायची. गठ्ठे उतरवले, फोटो काढला, की निघाली. आज दानाचा दिवस नव्हता, म्हणून एकेक जण खोलीतून बाहेर यायला लागला. चिमटीचा नवरा आला, हातात अर्धवट शिवलेली चप्पल घेऊन. टायर आणि स्पंजाच्या चपला करून तो अख्ख्या वस्तीचे पाय सांभाळायचा, म्हणून त्याला चपलवालाच म्हणत.

"काम आहे," मुकादम म्हणाला.

या फाटकाशी हा शब्द पहिल्यांदाच आला होता.

मग मुकादमाने सगळं सांगितलं. शहराच्या वाटेवर नवा कारखाना झाला होता. रोज सकाळी गावात बस यायची आणि हात हलवू शकणारं प्रत्येक माणूस भरून न्यायची. गावात राहिल्या होत्या पाच-सहा म्हाताऱ्या. इकडे खळ्यावर मिरचीचे ढीग लागलेले, देठं खुडायला माणूस नाही, आणि वरून आभाळ रोज दुपारी भरून येत होतं. एक जोराची सर आली की सगळा माल बुरशीच्या घशात.

मालकाने रुमाल जरासा खाली केला. "तुमच्या हातांची आग होत नाही म्हणे मिरचीने?"

"होते मालक," चपलवाला म्हणाला. "आम्हाला कळत नाही, एवढंच."

"तेच ते," मालक म्हणाला.

वस्ती कुष्ठ झालेल्यांची होती. रोग गोळ्यांनी केव्हाच मारला होता, त्याची लागण आता कोणालाच होणार नव्हती, हे जखमा बांधायला येणारी पट्टीवाली बाई गावात ओरडून ओरडून सांगत आली होती. पण रोग जाताना हातापायांतली जाणीव घेऊन गेला होता. चटका, काटा, खिळा, काही कळायचं नाही. चिमटीच्या उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं धड होतं, बाकीच्या बोटांची खुंटं. डावा हात मुठीसारखा वळलेला. त्या दोन बोटांनी ती सुई उचलायची, तांदळातले खडे वेचायची, नवऱ्याच्या सदऱ्याला बटण लावायची. म्हणून ती चिमटी. नाव वस्तीनेच ठेवलं होतं आणि तिने ते हसत हसत घेतलं होतं.

मुकादमाने खाली न उतरताच नऊ जण निवडले. हात वर करा म्हणाला, काचेतून बघितलं, हा घ्या, ती घ्या, तो नको. बाजारात बैलाचे दात तरी तोंड उघडून बघतात. चिमटीला बघून तो म्हणाला, "हिला दोनच बोटं आहेत."

"देठ खुडायला दोनच लागतात," चिमटी म्हणाली. "तुम्ही काय दहाही बोटं लावता होय?"

मालक हसला आणि नऊ पूर्ण झाले. चपलवाला त्यांत नव्हता. काच वर जाता जाता मुकादम म्हणाला, "एक लक्षात ठेवा. खाण्याचा माल आहे. एकाच्याही हाताला जखम दिसली, तर नऊच्या नऊ घरी. पुन्हा दारात उभं करणार नाही."

त्या दिवशी वस्तीत कोणाला धड जेवण गेलं नाही. चिमटी तर पार खुळ्यासारखी झाली होती. अठराव्या वर्षापर्यंत ती याच गावात, बापाच्या शेतात मिरच्या तोडत होती. मग पाठीवर चट्टा उठला आणि भावाने एके दिवशी बैलगाडीत घालून फाटकाशी आणून सोडली. तेव्हापासून तीस वर्षं दुसऱ्याने दिलेलं नेसायचं आणि दुसऱ्याने दिलेलं गिळायचं. आता कोणीतरी म्हणत होतं, ये, आम्हाला तुझी गरज आहे. गरजेपोटीच का होईना, म्हणालं तर होतं.

"जपून," चपलवाला म्हणाला. "त्या माणसाला आपण भाजत नाही असं वाटतंय."

"वाटू दे की. काम तर देतोय."

खळ्यालगतची शेड मोठी होती, पत्र्याची. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला भिंतीआड भट्टी. गावातल्या म्हाताऱ्या दारापाशी बसायच्या, वारा लागावा म्हणून. वस्तीतल्यांना आतल्या बाजूला बसवलं. पाण्याचे माठ वेगळे, बसायची पोती वेगळी. मिरचीचा ठसका मात्र दोन्हीकडे सारखा होता. नाकाडोळ्यांतून धारा लागायच्या, खोकून खोकून बरगड्या दुखायच्या. पण हात चालू राहायचे. गावातल्या बायका तासाभराने उठायच्या आणि हात ताकात बुडवून बसायच्या. चिमटीची दोन बोटं दुपारपर्यंत थांबायची नाहीत. टचाटच देठं पडायची. मुकादम येऊन तिच्यापुढचा ढीग बघायचा आणि काही न बोलता नवं पोतं ओतायचा. तेवढ्यानेही तिच्या छातीत काहीतरी भरून यायचं.

दारापाशी बसणाऱ्यांत तिची वहिनी होती. भाऊ मरून सात वर्षं झाली होती. चिमटीला गाडीत घातलं तेव्हा वहिनी दोन महिन्यांची नवरी होती, उंबऱ्यात उभी राहून रडत होती. आता केस पांढरे, दात पडलेले. पहिल्या दिवशी दोघींची नजरानजर झाली. वहिनीने पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवलं. चिमटीने मनात म्हटलं, बरोबर आहे, तिला त्या गावात राहायचंय.

वस्तीत एक रीत होती. उजेड असेतोवर सगळ्यांनी एकमेकांचे हातपाय बघायचे. जोडीने बसायचं, तळवे उलटेपालटे करायचे, बोटांच्या बेचक्या फाकवून बघायच्या. आपलं दुखणं आपल्याला कळत नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांना कळतं. चपलवाला आणि चिमटी तीस वर्षं दारात बसून हे करत आले होते. लग्नही असंच जमलं होतं त्यांचं. तिच्या टाचेतली काच त्याने बघितली होती आणि मग रोजच बघायला यायला लागला होता.

काम सुरू झालं आणि ही रीत मोडायला लागली. आभाळ खाली उतरलं तसा मुकादम उशिरा सोडायचा. ट्रॅक्टरमधून वस्तीत यायला अंधार व्हायचा. कंदील धरून चपलवाला बसायचा, पण मिरचीच्या लाल भुकटीने माखलेल्या हातात काय दिसणार? आणि चिमटी तर बसल्या जागी डुलक्या घ्यायची.

"उद्या बघा हो," ती म्हणायची. "जीव नाही राहिला अंगात."

"उद्याच्या उद्या करत हात जाईल एक दिवस."

"तुमच्या जिभेला काही हाड?"

दुसऱ्या आठवड्यात पाऊस आलाच. खळं धुऊन निघालं. उरलेला माल वाचवायला मालकाने भट्टी पेटवली. भट्टी म्हणजे एक कोंदट खोली, खाली लाकडाचा जाळ, वर लोखंडी मांडणीवर पत्र्याची मोठी ताटं, ताटांत मिरची. तासातासाने ताटं बाहेर काढायची, मिरची उलथायची, परत आत सारायची. गावातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी हात जोडले. गोणपाटाची जाड घडी घेतली तरी चटके बसतात म्हणाल्या. एकीने फोड दाखवला.

मुकादमाने मान वळवून शेडच्या आतल्या बाजूला बघितलं. त्याला हाक मारायचीही गरज पडली नाही. नऊ जण आपणहून उठले.

गोणपाटाच्या घड्या त्यांनाही दिल्या होत्या, खोटं कशाला बोला. पण बोटंच नसलेल्या हातात जाड घडी धरून वर ताट कसं धरायचं? घडी निसटायची, ताट कलंडायचं, मिरची जमिनीवर. "अरे, माल आहे तो!" मुकादम ओरडायचा. दोनदा ओरडा खाल्ल्यावर चिमटीने घडी बाजूला फेकली. डावी मूठ ताटाखाली, उजव्या अंगठ्याची आणि बोटाची पकड काठावर. ताट हललं नाही. झरझर कामं व्हायला लागली. तिचं बघून बाकीच्यांनीही घड्या टाकल्या. मुकादम बघत होता. तो काही म्हणाला नाही. त्याचं काम होत होतं.

चौथ्या दिवशी भट्टीत ओली लाकडं संपून वाळलेली लागली आणि जाळ भडकला. चिमटीने वरच्या मांडणीवरचं ताट ओढलं आणि टेबलाकडे निघाली. टेबलावर आधीचं ताट होतं, म्हणून ती धरून उभी राहिली. तिला वास आला.

"करपतंय!" ती ओरडली. "मुकादम, मिरची करपतेय! जाळ कमी करा!"

मुकादम धावत आला. त्याने ताटात बघितलं. मिरची नीट होती, लालभडक. "कुठं करपतेय? उगाच बोंबलू नकोस."

"वास येतोय बघा की. खालची लागली असेल." ताट तसंच धरून ती वाकली आणि हुंगायला लागली. वास तर नाकात शिरत होता. मिरचीचा नव्हता तो, तरी तिच्या ध्यानात येईना. मुकादम शिव्या देत भट्टीच्या तोंडाशी गेला.

वहिनी पाणी प्यायला उठली होती. तिने बघितलं आणि तिच्या हातातला तांब्या पडला.

"अगं बाई, हात! हात जळतोय!"

चिमटीने खाली बघितलं. अंगठ्याच्या कडेने धूर निघत होता. तिने ताट टेबलावर टाकलं, पण अंगठ्याची कातडी काठालाच राहिली. तिला काही झालं नाही. दुखलं नाही, चुरचुरलं नाही. ती नुसती बघत राहिली, दुसऱ्या कोणाचा तरी हात बघावा तशी.

वहिनीने गावातल्या बायकांचाच माठ उचलला आणि अख्खा तिच्या हातावर ओतला. तीस वर्षांत पहिल्यांदा घरच्या माणसाने चिमटीचं मनगट धरलं होतं. ते मात्र तिला कळलं, मनगटापर्यंत थोडी जाणीव होती.

"काय झालं गं?" मुकादमाने लांबून विचारलं.

"काही नाही," चिमटी घाईने म्हणाली आणि हात पदराखाली घेतला. "पाणी सांडलं." तिने वहिनीकडे बघितलं. नजरेनेच हात जोडले. वहिनी तोंड उघडून उभी होती. मग तिने ते मिटलं. दारापाशी बायकांनी वहिनीला फैलावर घेतलं. तो माठ आता फोडायचा का ठेवायचा यावर दुपारभर वाद झाला, शेवटी वहिनीलाच तो बाहेर नेऊन फोडावा लागला.

घरी आल्यावर चिमटीने दोन दिवस हात दाखवलाच नाही. तिसऱ्या दिवशी वासाने चपलवाल्याला जाग आली. त्याने कंदील मोठा केला, फडकं सोडलं आणि हात उजेडात धरला. अंगठा काळा पडला होता, मुळाशी फुगला होता.

"उद्यापासून जायचं नाही," तो म्हणाला.

"मी राहिले की विचारतील. विचारलं की कळेल. मग नऊच्या नऊ घरी, म्हणालेत ते."

"जाऊ देत घरी!"

"तुम्ही सांगा मग सगळ्यांना. जा, आत्ता उठवा आणि सांगा."

तो उठला नाही. पलीकडच्या खोलीत म्हातारा राहायचा, नऊ जणांतला एक. कालच त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कमाईची चादर आणली होती आणि अख्ख्या वस्तीला हात लावून बघायला लावली होती. हात लावून कोणाला काय कळणार, तरी सगळ्यांनी लावला होता. चपलवाल्याने पाणी उकळलं, मीठ घालून जखम धुतली, जुन्या धोतराची स्वच्छ पट्टी बांधली. पट्टीवाली बाई पंधरवड्याने यायची, तिला अजून आठ दिवस होते.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "रोज बघायला हवं होतं."

"आठवडाभराचा माल राहिलाय. निभावून नेऊ," चिमटी म्हणाली आणि तिलाच आपलं म्हणणं खरं वाटेना.

आठ दिवस तिने निभावलं. पट्टीवर फडकं, फडक्यावर मिरचीची भुकटी, म्हणजे कोणाला दिसू नये. ताटं डाव्या मुठीवर आणि कोपरावर पेलायची. अंगात कणकण असायची, डोकं जड. वहिनी रोज एकदा वळून बघायची आणि चिमटी रोज मानेनेच म्हणायची, बरं आहे.

मग पाहुणे आले. माल विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे एक साहेब आणि एक कॅमेरावाली बाई. मालकाने शेडवर नवी पाटी लावली होती, 'इथे सर्वांना काम'. सकाळीच नऊ जणांना पांढरेशुभ्र सुती हातमोजे वाटले. बोटं नसलेल्या जागी हातमोज्यांची टोकं लोंबत होती. मुकादमाने ती आत खोचून दिली.

साहेब भला माणूस होता. पोत्यावर मांडी घालून त्यांच्यात बसला. म्हणाला, सगळीकडे माणसं मिळत नाहीत म्हणून ओरड आहे, आणि ज्यांना कोणी कामच देत नाही अशी माणसं गावोगाव बसून आहेत. तुमच्या मालकांनी वाट दाखवली. मालकाने मान खाली घालून हात जोडले.

"हातमोजे काढता का जरा?" कॅमेरावाली गोड आवाजात म्हणाली. "हातच दिसायला हवेत. हेच तर हात आहेत ना, ज्यांना कोणी काम देत नव्हतं?"

एकेकाने हातमोजे काढले. चिमटीने काढला नाही.

"काढ गं," मुकादम म्हणाला.

"राहू द्या. माझा हात बरा नाही दिसत."

"तसलाच हवाय," मुकादम हळूच म्हणाला आणि त्यानेच टोक धरून ओढलं. हातमोज्याबरोबर फडकं आणि पट्टीही आली.

कॅमेरावाली मागे सरली आणि पदर नाकाला लावला. साहेबाने एकदा हाताकडे बघितलं आणि मग मालकाकडे.

"किती दिवस झाले याला?" साहेबाने विचारलं.

"आजचा अकरावा," चिमटी म्हणाली. आता लपवण्यात काही अर्थच नव्हता. ती उभी राहिली. "चूक माझी एकटीची आहे, मालक. बाकीच्या आठांचे हात बघा, चांगले आहेत. त्यांना घरी पाठवू नका. मी जाते."

"घरी?" मालक म्हणाला. त्याला खरंच काही कळेना. "घरी कशाला पाठवू?"

"मुकादम म्हणाले होते. एकाला जखम दिसली तर नऊच्या नऊ घरी."

मालकाने मुकादमाकडे बघितलं. मुकादमाने डोकं खाजवलं. "मी म्हणालो होतो? असेन बाबा. तसं सगळ्यांनाच म्हणतो मी. धाक राहावा म्हणून बोलायचं असतं ते."

"अगं वेडे, सांगायचं ना!" मालक कळवळून म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. "तुम्हाला घालवून मी माणसं आणणार कुठून?"

चिमटी मटकन खाली बसली. अकरा दिवस तिने जे पदराखाली धरून ठेवलं होतं, ते सांगितलं असतं तरी कोणी कोणाला घरी पाठवणार नव्हतं. हे तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला, आणि शिरलं तेव्हा तिने जो हंबरडा फोडला तो पार खळ्यापर्यंत ऐकू गेला. जळताना जो आवाज तोंडातून निघाला नव्हता, तो आता निघाला. वहिनी दारापाशी उठून उभी राहिली होती.

मालकाच्याच मोटारीतून तिला इस्पितळात नेलं. सीटवर आधी गोणपाट अंथरलं. डॉक्टरांनी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्ही काढली. विष वर चढत होतं. चार दिवसांत आली असतीस तर दोन्ही वाचवली असती, असं ते म्हणाले, आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

वस्तीत परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांना काही धरता येत नव्हतं. चपलवाला भरवायचा, वेणी घालायचा. कोणी तिला चिमटी म्हणेना. दुसरं काय म्हणावं हेही कोणाला सुचेना, मग "अगं" म्हणून भागवायचे.

सातव्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आला. मुकादम खाली उतरून फाटकाच्या आत आला, ही नवीनच गोष्ट होती. ट्रॉलीत गावातल्या म्हाताऱ्याही बसल्या होत्या. आता एकाच ट्रॉलीतून न्यायचे, डिझेल वाचत होतं.

"नऊ जणांत एक कमी आहे," मुकादम म्हणाला. "नवा माल आलाय, भट्टी अजून महिनाभर चालेल. आणखी आहे का कोणी?"

चपलवाला खोलीतून बाहेर आला. त्याने सदरा घातला होता. हातात ते पांढरे सुती हातमोजे होते, तिचेच.

"अहो, हे काय?" ती म्हणाली.

"औषधं आणायची आहेत तुझी. चपलांचं कोण काय देणार?"

"तुमची बोटं वाकडी आहेत. तुम्हाला घडी धरता येणार नाही. तुम्ही टाकून द्याल ती, मी टाकली तशी. ऐका माझं!"

"मी नाही टाकणार."

"तुम्हाला कळायचं नाही हो!"

"अगं, माहीत आहे मला काय कळतं ते," तो म्हणाला. त्याने तिच्या पट्टीवरून ओठ टेकल्यासारखं केलं, आणि सगळ्यांच्या देखत असं त्याने कधी केलं नव्हतं. मग तो ट्रॉलीत चढला. म्हाताऱ्याने त्याला वर ओढून घेतलं.

ट्रॅक्टर सुरू झाला. ती धावत ट्रॉलीच्या कडेला गेली. कडेला वहिनी बसली होती, मांडीवर डबा घेऊन.

"वहिनी," ती म्हणाली. तीस वर्षांत तिने ही हाक मारली नव्हती. "यांचे हात बघत जा. ताट धरताना बघ, ठेवल्यावर बघ. तुला दिसेल, वहिनी. त्यांना नाही कळायचं."

गावातल्या बायका वहिनीकडे बघायला लागल्या. वहिनीने पदर पुढे ओढला नाही.

"बघेन, वन्सं," ती म्हणाली. ट्रॅक्टर हलला तशी ती मागे वळली आणि ओरडून सांगू लागली, "पण मला दारात बसवतात हो! दिवसभर माझी पाठ असते भट्टीकडे!"